दुसऱ्या कळपातली मेंढी

मोनिकाला सरळ बोलणं कधी जमलं नाही. भूक लागली का, असं विचारलं तर ती म्हणायची, भाकरी गार होऊन राह्यली. बाप रागावला तर दिवसभर गप्प राहायची आणि संध्याकाळी आजीला सांगायची की आज कुत्रं जेवलं न्हाई. आजीला, म्हणजे गोपिकाबाईला, ते बरोबर कळायचं. ती नातीला जवळ ओढायची आणि कुत्र्याचं ताट वाढायला घ्यायची. बाकीच्यांना मात्र ही पोरगी जरा घुमी वाटायची.

केदारखेड्याच्या पुढं नदीच्या अंगानं आत गेलं की एक लहान गाव लागतं. गावाच्या कडेला धनगरांची चार घरं आहेत, त्यातलं एक बिरूचं. थोडी कोरडवाहू जमीन आणि मेंढरं, यावर घर चालायचं. बिरूची बायको दुर्गाबाई हसरी, झपाझप काम करणारी. मेंढरांच्या पाठीवर गेरूचा ठिपका लावायचं काम तिचं होतं. दुसऱ्याच्या कळपात मेंढरू मिसळलं तरी ठिपक्यावरून ओळखू यावं, म्हणून तो लावायचा. ठिपका लावून झाला की उरलेला गेरू ती मोनिकाच्या नाकाला लावायची आणि म्हणायची, आता तूबी हरवणार न्हाईस.

मोनिका आठवीत असताना दुर्गाबाई गेली. बाजारच्या दिवशी ती जाफराबादला बापाकडं जाते म्हणून निघाली आणि जाफराबादला पोचलीच नाही. त्याच दिवसापासून गोरक्षनाथाची पिकअप गाडी रस्त्यावर दिसेनाशी झाली. गोरक्षनाथ बिरूचा लहानपणापासूनचा दोस्त. बाजाराला मेंढरं न्यायची तर त्याच्याच गाडीतून, आणि गाडी भरून झाली की तो बिरूच्याच घरी जेवायचा. बिरूला बायको गेल्याचं कळलं तेव्हा तो बराच वेळ वाड्यात मेंढरांमध्ये बसून राहिला. मग उठून त्यानं चारा टाकला.

गोपिकाबाईनं त्याच दिवशी ठरवून टाकलं की काय सांगायचं. व्याही अंथरुणाला खिळलेत, सून सेवेला गेली आहे. कोणी विचारलं की ती हेच सांगायची, आणि विचारणाराही "बरं बरं, म्हातारपण वाईट" असं म्हणून पुढं जायचा. गावाला खरं माहीत नव्हतं असं नाही. पण तोंडावर कोणी बोलत नव्हतं. बिरू चहाच्या टपरीवर बसू शकत होता, आजी लग्नाकार्यात पंगतीला बसू शकत होती, आणि मोनिका शाळेत जाऊ शकत होती.

नववीला मराठी शिकवायला संध्या मॅडम आल्या. त्या भोकरदनहून स्कूटीवर यायच्या. वय तिशीच्या आसपास, आवाज गोड, आणि शिकवण्याची मनापासून हौस. पहिल्याच महिन्यात त्यांनी फळ्यावर 'प्रतीक' असा शब्द लिहिला आणि मुलांना विचारलं की कवितेत दिवा आला तर तो नुसता दिवाच असतो का. मग त्यांनी फळ्यावर एकाखाली एक लिहिलं: दिवा म्हणजे आशा, वाट म्हणजे आयुष्य, पिंजरा म्हणजे बंधन, काटा म्हणजे दुःख. कवीला जे उघड बोलता येत नाही किंवा उघड बोललं तर लहान वाटतं, ते तो एखाद्या वस्तूच्या तोंडून बोलतो, असं त्यांनी समजावलं.

मोनिकानं हात वर केला. ती वर्गात हात वर करायची नाही, म्हणून शेजारी बसणारी आकांक्षा तिच्याकडं बघतच राहिली.

"मॅडम, कावळा कशाचं?"

मॅडम म्हणाल्या, कावळा म्हणजे मृत्यू, पितर. पिंडाला शिवतो तो.

"पण आमच्या इथं कावळा कौलावर वरडला की पाव्हणा येतो म्हणतेत. मंग तो बराबर कशाचा धरायचा?"

मॅडमनी खडू खाली ठेवला आणि म्हणाल्या की हा फार चांगला प्रश्न आहे. प्रतीकाचा अर्थ काही गाइडमध्ये छापून ठेवलेला नसतो; कवितेत त्या कावळ्याच्या आसपास काय चाललंय ते बघावं लागतं. दुसऱ्या दिवशी त्यांनी मुलांना सांगितलं, आपापल्या घरातली अशी एक वस्तू शोधा की जी नुसती वस्तू नाही. एकानं बैलाच्या गळ्यातली घुंगरं सांगितली; बैल विकले, पण आजोबांनी घुंगरं विकली नव्हती. आकांक्षानं दारामागचा कुलूप नसलेला कडी-कोयंडा सांगितला. मोनिकानं घोंगडी सांगितली. घोंगडी अंथरली की घरी मोठा माणूस आला असं समजायचं, आणि तीच घोंगडी डोक्यावरून घेतली की माणसाला कोणाशी बोलायचं नाही असं समजायचं. मॅडमनी तिला पुढं बोलावून हे पुन्हा सांगायला लावलं. सांगताना तिचा आवाज चक्क मोठा निघाला.

त्यानंतर ती बदलली. मॅडमच्या स्कूटीचा आवाज आला की फाटकापर्यंत जायची, त्यांच्या वह्यांचा गठ्ठा घ्यायची. मधल्या सुट्टीत मॅडम तिची सैल वेणी सोडून पुन्हा घालून द्यायच्या. आजीचे हात कापत म्हणून वेणी सैल व्हायची, हे मोनिकानं त्यांना सांगितलं नव्हतं आणि त्यांनी विचारलंही नव्हतं.

दिवाळीच्या आधी मॅडमनी सगळ्यांना एक कविता लिहायला सांगितली. मोनिकानं लिहिली ती अशी:

*आमची एक मेंढी दुसऱ्या कळपात गेली.*
*तिच्या पाठीवर आमच्याच गेरूचा ठिपका आहे.*
*तिकडचा धनगर तिला हाकलत नाही,*
*इकडचा बोलवत नाही.*
*कोकरू वाड्याच्या तोंडाशी उभं राहतं.*
*पाऊस झाला तर ठिपका धुऊन जाईल,*
*मग तिला आमची कोण म्हणेल?*

शाळा सुटल्यावर मॅडमनी तिला थांबवून घेतलं. वर्गात दोघीच होत्या. मॅडमनी कविता पुन्हा एकदा वाचली, तिच्या डोक्यावरून हात फिरवला आणि हळूच विचारलं, "ही मेंढी कोण आहे, मोनिका?"

मॅडमचा हात डोक्यावर तसाच होता.

"माय," ती म्हणाली.

आणि मग तिनं सगळं सांगितलं. गोरक्षनाथ, पिकअप, आजीनं रचलेली गोष्ट, बापाचं गप्प होणं. सरळ, एकामागून एक, जसं ती कधीच कोणाला सांगत नसे. मॅडमच्या डोळ्यांत पाणी आलं. त्यांनी तिला पोटाशी धरलं आणि म्हणाल्या, "हे आपल्या दोघींतच राहील." मोनिका घरी आली ती हलकी होऊन. आजीला तिनं दोन भाकऱ्या जास्त थापायला लावल्या.

संध्या मॅडमचं मोबाइलवर स्वतःचं एक चॅनेल होतं. मराठीचे धडे सोपे करून सांगणारे त्यांचे व्हिडिओ बऱ्याच शाळांमधून बघितले जात. त्या हिवाळ्यात एका शिक्षक संस्थेनं उपक्रमशील शिक्षकांची स्पर्धा ठेवली होती. मॅडमनी व्हिडिओ केला, 'प्रतीक म्हणजे काय? सोप्या भाषेत'. सुरुवातीला दिवा, वाट, पिंजरा. मग त्या म्हणाल्या, आता एक जिवंत उदाहरण बघू या. आणि त्यांनी मेंढीची कविता फळ्यावर लिहिलेली दाखवली. ही कविता आमच्या शाळेतल्या नववीतल्या, धनगर वस्तीवरच्या एका मुलीची आहे. तिची आई घर सोडून दुसऱ्याबरोबर निघून गेली. हे दुःख तिला बोलता येत नाही, म्हणून ती मेंढीच्या रूपानं बोलते. मेंढी म्हणजे आई, दुसरा कळप म्हणजे दुसरा संसार, कोकरू म्हणजे ती स्वतः. बघा मुलांनो, प्रतीकात किती ताकद असते.

नाव त्यांनी घेतलं नव्हतं. पण धनगर वस्तीवरची नववीत एकच मुलगी होती.

मुख्याध्यापक अप्पाराव सरांना व्हिडिओ फार आवडला. आपल्या शाळेचं नाव होतंय या आनंदात त्यांनी तो पालकांच्या ग्रुपवर टाकला. दुपारपर्यंत तो गावातल्या झाडून सगळ्या मोबाइलवर पोचला. टपरीवर कोणीतरी आवाज मोठा करून लावला तेव्हा बिरू तिथंच बसलेला होता. लोकांच्या लक्षात येऊन त्यांनी बंद करेपर्यंत मॅडमचं कोकरापर्यंत सांगून झालं होतं. बिरूनं अर्धा चहा ठेवला आणि उठला.

मोनिकाला शाळेतून घरी येताना आकांक्षानं सांगितलं. तिनं आधी विचारलं, तुला माहीत असेलच ना? मोनिकाला वाटलं कसल्यातरी परीक्षेबद्दल बोलतेय. आकांक्षाच्या घरी तिच्या भावाच्या मोबाइलवर तिनं तो व्हिडिओ उभ्यानंच पाहिला. मॅडमचा आवाज तोच होता, ज्या आवाजात त्यांनी मेंढी कोण म्हणून विचारलं होतं. शेवटी त्या डोळे पुसताना दिसत होत्या. मोनिकानं मोबाइल परत दिला आणि पाणी मागितलं. आकांक्षाच्या आईनं पाण्याबरोबर गुळाचा खडाही दिला, आणि त्या गुळाच्या खड्यानं मोनिकाला समजलं की आता सगळ्यांना तिची कीव येऊन राह्यली आहे.

घरी बाप दारातच होता. मारील असं तिला वाटलं, पण त्यानं हात उगारला नाही. "लिवायचं कशाला?" एवढंच म्हणाला. दुसऱ्या दिवशी पहाट फुटताच तो मेंढरं घेऊन दूरच्या रानात निघून गेला आणि कितीतरी आठवडे घराकडं फिरकला नाही.

गोपिकाबाई मात्र शाळेत गेली. नवं लुगडं नेसून, डोक्यावर पदर घेऊन, मुख्याध्यापकांच्या खोलीत जाऊन बसली. अप्पाराव सरांनी मोनिकाला आणि संध्या मॅडमना बोलावून घेतलं. मॅडमचा चेहरा उतरलेला होता. आजी ओरडेल, शिव्या देईल अशी सगळ्यांना भीती होती. ती शांतपणे बोलली.

"बाई, सून बापाकडं गेली असं आमी सांगत व्हतो. ते खोटं हाय हे गावाला ठाऊक व्हतं. पर त्या खोट्याच्या आसऱ्यानं ती माघारी येऊ शकत व्हती. तो गोरक्षनाथ तिला जालन्यात सोडून कवाच गुजरातला पळाला. मी जाऊन भेटून आल्ते तिला. जत्रा झाली की ये, बाप बरा झाला म्हणून सांगू, असं ठरलं व्हतं आमचं. बिरूलाबी मी तयार केल्तं. आता ती कोणत्या तोंडानं येईल, आन् हा कोणत्या तोंडानं घेईल?"

मोनिकाला यातलं काहीच माहीत नव्हतं. माय येणार होती, हे तिला त्या खोलीत कळलं, आणि येणार नाही हेही तिथंच कळलं.

मॅडम रडल्या. त्यांनी तिथल्या तिथं व्हिडिओ काढून टाकला. पण तोवर तो लोकांनी उतरवून घेतला होता, तो काही निघाला नाही. आजी गेल्यावर मॅडम मोनिकाला घेऊन रिकाम्या वर्गात गेल्या. त्या सांगत राहिल्या की त्यांचा हेतू वाईट नव्हता, तिची प्रतिभा लोकांपर्यंत पोचावी एवढंच वाटलं, बाहेरच्या शाळांतली मुलं बघतील, गावातलं कोण बघणार असं वाटलं. शेवटी म्हणाल्या, "आणि मोनिका, मी नाव कुठं घेतलं? कवितेतच तर होतं सगळं."

"कवितेत मेंढी व्हती, मॅडम," मोनिका म्हणाली. "माय मी फक्त तुमाला सांगितल्ती."

मॅडमनी तिच्या खांद्यावर हात ठेवायला हात पुढं केला. मोनिका मागं सरली.

दहावीलाही मराठीला संध्या मॅडमच होत्या. मोनिका वह्यांचा गठ्ठा घ्यायला फाटकाशी गेली नाही, आणि वेणी स्वतःच घालायला शिकली. प्रतीकावर प्रश्न आला की ती गाइडमधलं उत्तर लिहायची. दिवा म्हणजे आशा, वाट म्हणजे आयुष्य. कावळा म्हणजे मृत्यू. मॅडम त्या उत्तराला पूर्ण मार्क द्यायच्या आणि वही परत देताना तिच्याकडं बघायच्या नाहीत. मॅडमना त्या संस्थेचा पुरस्कार मिळाला होता. सत्काराच्या दिवशी सगळ्या वर्गानं टाळ्या वाजवल्या. मोनिकानंही वाजवल्या, कारण शेजारच्यांनी तिच्या हाताकडं बघितलं असतं.

दहावीनंतर ती जालन्याला कॉलेजात गेली, मुलींच्या वसतिगृहात राहायला लागली. बिरूनं नको म्हटलं होतं. आजीनं भांडून पाठवलं. निघताना आजीनं तिला जुन्या जालन्यातल्या एका गल्लीचा पत्ता तोंडी सांगितला. धान्याच्या ठोक दुकानांची ती गल्ली. मोनिका तिथं गेली तेव्हा एका दुकानाच्या मागच्या खोलीत पाच-सहा बाया ज्वारी निवडत बसलेल्या होत्या. त्यात दुर्गाबाई होती. वाळली होती. मोनिकाला बघून ती उठली नाही. सूप हातातच राहिलं.

मोनिका तिच्याशेजारी जमिनीवर बसली. मग तीही ओंजळभर ज्वारी घेऊन खडे काढायला लागली.

"मी पाह्यला तो," दुर्गाबाई म्हणाली. "त्या बाईचा. हितं एकीच्या पोराच्या मोबाइलवर आल्ता. ह्या सगळ्या बाया माझ्या मागून पाहत व्हत्या."

मोनिका मान खाली घालून खडे काढत राहिली.

"मेंढी म्हणलीस, त्याचं काय न्हाई. तेवढं तर तू म्हणूच शकतीस. पर त्या परक्या बाईला घरातलं सांगितलंस कशाला? मला वाटलं, पोरीनं मुद्दाम माझी शोभा केली. जत्रा झाली की यायचं ठरल्तं माझं. तो मोबाइल पाह्यला आन् बांधलेलं गठुडं सोडून टाकलं मी."

आपली फसवणूक झाली हे मोनिकाला इतके दिवस ठाऊक होतं. पण मायला वाटत होतं की मोनिकानंच तिला फसवलं, हे तिला आता समजलं. तिला सांगायचं खूप होतं. मॅडमनी विश्वास दिला होता, व्हिडिओचं मला माहीतच नव्हतं, तू येणार होतीस हे मला कोणी सांगितलंच नव्हतं. ती एवढंच बोलू शकली:

"त्यांनी डोक्यावर हात ठेवल्ता. किती दिवसांत कोणी ठेवला नव्हता."

दुर्गाबाईचं सूप थांबलं. तिनं पदरानं नाक पुसलं. मग तिनं मोनिकाच्या ओंजळीतले खडे काढून बाजूला टाकले आणि म्हणाली, उन्हं चढायच्या आत हे पोतं संपवायचं हाय.

त्यानंतर मोनिका सुट्टीच्या दिवशी तिथं जायला लागली. दुर्गाबाई कधी भाकरी बांधून ठेवायची, कधी नाही. दोघींत पहिल्यासारखं हसणं आलं नाही. दुर्गाबाई गावाकडं परत गेली नाही, आणि बिरूनंही तिचं नाव काढलं नाही. गोपिकाबाई मात्र महिन्या-दोन महिन्यांनी एसटीनं येते, सुनेला पीठ-डाळ देते आणि आल्या पावली माघारी जाते.

मागच्या वर्षी, मोनिका बारावीत असताना, तिला संध्या मॅडमचा फोन आला. नंबर आकांक्षाकडून मिळवला होता. मॅडम लहान मुलांसाठी प्रतीकांवर एक पुस्तक काढत होत्या. कविता घालू का, अशी परवानगी त्या मागत होत्या. या वेळी मी आधी विचारतेय, असं त्यांनी दोनदा म्हटलं. नाव नसेल, गाव नसेल, काहीच नसेल.

मोनिकानं विचारलं, "मॅडम, माझ्या मायचं नाव काय, सांगता?"

मग मॅडम म्हणाल्या की शाळेच्या दाखल्यावर असेल, त्या बघून सांगतील.

"नका बघू," मोनिका म्हणाली. "आन् कविता बी नका घालू." मॅडम बरं म्हणाल्या, बिलकुल घालणार नाही म्हणाल्या. मोनिकानं फोन ठेवला.

पुस्तक निघालं. आकांक्षानं त्यातल्या एका पानाचा फोटो पाठवला, तेव्हा मोनिका जुन्या जालन्यात मायजवळच बसली होती. पानावर गाय-वासराचं चित्र होतं. खाली छापलं होतं की आमची एक गाय दुसऱ्या गोठ्यात गेली, तिच्या कपाळावर आमच्याच कुंकवाचा टिळा आहे, वासरू गोठ्याच्या दाराशी उभं राहतं. आणि त्याखाली चौकटीत, गाय म्हणजे आई. कवीचं नाव नव्हतं.

मोनिकानं मोबाइल पालथा ठेवला. दुर्गाबाईनं विचारलं, काय झालं. मोनिकानं आधी काही नाही असं म्हटलं, मग मोबाइल समोर धरला, आणि पहिल्या ओळीपासून सगळं तिला वाचून दाखवलं.

दुर्गाबाईनं शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

"ही आपली न्हाई," ती म्हणाली, आणि निवडायच्या ज्वारीतला अर्धा ढीग तिनं मोनिकाच्या पुढं सरकवला.